मिशनचा माणूसही थकतो



या वर्षावासात सोनपेठला आमच्या विहारात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू आहे. वाचन झाल्यावर तरुण पोरं-पोरी थांबतात, एखाद्या विषयावर चर्चा होते. मागच्या रविवारचा विषय होता 'पे बॅक टू सोसायटी'. मी सात वर्षे बेघर लोकांसोबत काम केले, म्हणून मला बोलायला उभे केले. मी बोलले. टाळ्याही पडल्या. मग बारावीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, एवढं चांगलं काम होतं तर तुम्ही ते सोडून घरी का बसलात?"

सगळे गप्प झाले. अध्यक्ष काकांनी सावरून घेतले, "अगं, तब्येत बरी नव्हती तिची." मीही मान डोलावली. पंचशील घेऊन तासही झाला नव्हता आणि मी अर्धे खोटे बोलले होते. तब्येत बरी नव्हती हे खरे. पण काय झाले होते, कशाने झाले होते, हे मी सांगितले नाही. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर म्हणजे हा लेख.

आधी मी कोण, ते सांगते. माझे माय-अण्णा ऊसतोड कामगार. दसरा झाला की टोळी निघायची. उचल घेतलेली असायची, मुकादम सांगेल त्या कारखान्याला जायचे. वर्षातले पाच-सहा महिने आमचे घर म्हणजे पाचटाची आणि ताडपत्रीची कोपी. मी नववीत असताना आम्हाला रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले. पहिल्या रात्री माय दाराची कडी चार वेळा लावून-काढून बघत होती. आतून लावायची कडी तिच्या आयुष्यात पहिल्यांदा आली होती. पुढे मी वसतिगृहात राहून शिकले, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केले आणि मराठवाड्यातल्या एका शहरात बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. मुलाखतीत विचारले, हेच काम का? मी म्हणाले, "मला कडीचा अर्थ माहीत आहे."

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर म्हणून मोजली गेली, त्यातली दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. शहरात एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी चोवीस तास उघडा निवारा हवा, असे माप सर्वोच्च न्यायालयातल्या अन्न अधिकाराच्या खटल्यातून पुढे आले. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजनाही झाली. पण निवारा म्हणजे घर नव्हे. निवाऱ्यात खाट मिळते, घरात पत्ता मिळतो. आमच्या संस्थेने त्यापुढचे पाऊल टाकले. दोन घरे भाड्याने घेतली आणि वर्षानुवर्षे फुटपाथवर, स्टेशनवर राहिलेल्या नऊ जणांना तिथे ठेवले. त्यातले काही मानसिक आजाराचे उपचार घेऊन बाहेर पडलेले, पण घरच्यांनी परत न नेलेले होते.

हा काही कुणाच्या उपकाराचा विषय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ आणि १९ सांगतात की अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि कुटुंब नसेल तर आधारगृहे उभी करणे ही सरकारची जबाबदारी आहे. तरीही जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सुनवावे लागले, की बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात पाठवणे या कायद्याच्या आत्म्याविरुद्ध आहे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यातले एकही मराठवाड्यात नाही. म्हणजे आमच्या भागात अशा घराची गरज किती, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याने दिलेला हा हक्क रोज रात्री प्रत्यक्षात कोण आणतो? आमच्याकडे मी होते, पदाचे नाव 'समन्वयक'. दिवसा एक दादा आणि रात्री एक मावशी, पदाचे नाव 'काळजीवाहक'. एक समुपदेशक मॅडम मंगळवारी दोन तास यायच्या. आम्हा तिघांचा करार अकरा महिन्यांचा.

पहिली लढाई खोल्या मिळवण्याची. मालक आधी माझे आडनाव विचारायचे, मग राहणाऱ्यांचे. "तुम्ही त्यातले का?" हे वाक्य मी किती दारांत ऐकले याची मोजदाद नाही. मी ज्यांच्यासाठी खोली मागत होते त्यांचा अपमान आणि माझा अपमान एकाच वाक्यात व्हायचा. पुस्तकात याला 'भावनिक श्रम' म्हणतात. आर्ली हॉशचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये तो विचार मांडला, विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून. आतून जे वाटते ते दाबून कामाला हवा तो चेहरा ठेवणे, हाही श्रमच आहे, तो विकला जातो आणि माणसाला झिजवतो. एम.ए.ला मी हे पाठ केले होते. पण त्या विमानातल्या मुलीला कुणी जात विचारत नव्हते. दारात उभे राहून जातीचा प्रश्न गिळायचा, वर हसून "भाडं वेळेवर देऊ काका" म्हणायचे, या श्रमाला कोणत्याही पगारपत्रकात रकाना नाही.

दुसरी लढाई घराच्या आतली. बाहेरच्या लोकांना वाटते, छप्पर मिळाले की माणूस सुखी झाला. तसे होत नाही. आमच्याकडे एक आजोबा होते. पंधरा-वीस वर्षे पुलाखाली काढलेली. घरात आल्यावरही ते खाटेवर झोपेनात. दाराजवळ जमिनीवर, गाठोडे पायाला बांधून झोपायचे. उशीखाली भाकरी लपवायचे. ती सडायची, मुंग्या लागायच्या. मला त्यांचा राग कधी यायचा नाही, कारण माझी मायसुद्धा कोपीत भाकरी फडक्यात बांधून उशाला ठेवायची. मी त्यांना ओळखत होते. तेच माझे बळ होते, आणि आता कळते, तीच माझी जखमही होती. प्रत्येक माणसाच्या गोष्टीत माझे घर निघायचे. एक बाई फुटपाथवर मेलेल्या बाळाबद्दल सांगायची, आणि मला फडात बाळंत झालेली माझी चुलती दिसायची. ऐकून मी डायरीत नोंद करायचे, अहवालात टाकायचे, आणि रात्री डोळा लागायचा नाही.

मग मावशीला काविळ झाली. बदली माणूस नव्हता. "दोन-चार दिवस सांभाळून घे, तू तर मिशनची आहेस," असे वरून सांगण्यात आले. दोन-चार दिवसांचे एकोणीस दिवस झाले. दिवसा समन्वयक, रात्री काळजीवाहक. एकोणिसाव्या रात्री दोन वाजता आजोबांनी तिसऱ्यांदा अंथरूण ओले केले आणि बदलू देईनात. गाठोडे छातीशी धरून बसले. मी ओरडले, "ऊठ! निघ इथून! तुझ्या बापाची जागा हाय का?"

हे वाक्य माझे नव्हते. मी सात-आठ वर्षांची असताना मुकादमाने कोपीसमोर उभे राहून अण्णांना हेच सुनावले होते. अण्णांना ताप होता, ते उठले नव्हते. तोच आवाज, तेच शब्द, माझ्या तोंडून. आजोबा काही बोलले नाहीत. उठले, दारात जाऊन बसले. सकाळी जागेवर नव्हते. पायातली चप्पल तेवढी राहिली होती.

तिसऱ्या दिवशी ते त्याच जुन्या पुलाखाली सापडले. मी शोधायला गेले नाही, माझे पाय निघेनात. काविळीतून उठलेली मावशी रिक्षाने गेली आणि हाताला धरून त्यांना घेऊन आली. ते परत आले. मी मात्र परत येऊ शकले नाही. फोन वाजला की छाती धडधडायची. घराच्या गल्लीच्या तोंडाशी आले की पोटात गोळा. एका राहणाऱ्याच्या मृत्यूची बातमी कळली तेव्हा मला काहीच वाटले नाही, फक्त पंचनाम्याला किती वेळ जाईल याचा हिशेब मनात आला. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. महिनाभराने राजीनामा दिला आणि परळीहून एस.टी.ने सोनपेठला आले.

आता मूळ मुद्दा.

मी परत आल्यावर चळवळीतल्या माणसांनी काय म्हटले? एक म्हणाले, "मिशनचा माणूस थकत नाही." दुसरे म्हणाले, "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुम्ही एवढ्यात गळालात?" आणखी एकाने आग्र्याच्या भाषणाची आठवण करून दिली, की शिकलेल्यांनी बाबासाहेबांना धोका दिला. म्हणजे मी त्या धोकेबाजांत जमा. मी हे सगळे ऐकून घेतले, कारण मलाही तसेच वाटत होते. हाच या आजाराचा सर्वात वाईट भाग आहे. व्यवस्था माणूस कमी ठेवते, पगार कमी देते, सुट्टी देत नाही, आणि माणूस मोडला की तो स्वतःलाच गुन्हेगार समजतो.

यावर बाबासाहेब काय सांगतात? १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून त्यांनी ठक्कर बाप्पांना एक पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारणासाठी निघालेल्या संघाने कार्यकर्ते कुठून घ्यावेत, हा त्यातला एक मुद्दा होता. बाबासाहेबांनी टॉलस्टॉयचा दाखला देऊन म्हटले की ज्यांना प्रेम आहे तेच सेवा करू शकतात, आणि असे प्रेम अस्पृश्यांमधूनच आलेल्या कार्यकर्त्यांत सापडण्याची शक्यता जास्त. पत्रातला हा विचार मी शंभर टक्के मानते. माझ्या आजोबांची गाठोड्याची गाठ मला कळली ती पदवीमुळे नव्हे, कोपीमुळे.

पण नव्वद वर्षांत या विचाराचे काय झाले? 'आमच्यातली माणसे प्रेमाने काम करतात' याचा अर्थ 'आमच्यातली माणसे कमी पैशात, विनासुट्टी काम करतात' असा लावला गेला. प्रेम ही आमची पात्रता होती, ती आमची मजुरी ठरवण्यात आली. बाबासाहेबांनी प्रेम मागितले होते, वेठबिगारी नाही. तेच बाबासाहेब पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली. कामगाराच्या शरीराला मर्यादा असते, हे कायद्यात लिहिण्यासाठी झटलेल्या माणसाच्या नावाने आम्हाला 'थकू नका' म्हणून सांगितले जाते!

आणि अठरा तासांचे म्हणाल, तर त्याची किंमतही बघा. मधुमेह, पायांच्या असह्य वेदना, रात्र रात्र झोप नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले, की आपला विझू लागलेला दिवा पुन्हा पेटला तो पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्यामुळे. ही प्रस्तावना ग्रंथासोबत छापली गेली नाही, अनेक वर्षे लोकांना ठाऊकही नव्हती. आणि ज्या माईसाहेबांनी त्यांना सांभाळले, त्यांच्यावर संशय घेण्यात चळवळीची किती वर्षे गेली? सांभाळणाऱ्याला विसरायची सवय आपल्यालाही आहे. हे आपण मान्य करायला हवे.

आता जातीचा मुद्दा, कारण तो सोडून ही चर्चा करणे म्हणजे लबाडी. आमच्या त्या घरात ओले अंथरूण कोण धुवायचे? मावशी. मावशी मातंग समाजातल्या विधवा. जखमेत अळ्या पडलेल्या माणसाला आंघोळ कोण घालायचे? दिवसपाळीचे दादा, तेही आपलेच. समुपदेशक मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांच्यासमोर माणूस धुऊन-पुसून खुर्चीवर बसवून यायचा. कार्यालयात तर वासही पोचत नव्हता. एकदा ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा झाली, चांगल्या हॉटेलात. लेखापाल गेले, कार्यक्रम अधिकारी गेले. मावशीला बोलावणे नव्हते, कारण 'रात्रपाळी कोण करणार?' म्हणजे घाण एका बाजूला, आणि त्या घाणीने येणाऱ्या थकव्यावरचा उपचार दुसऱ्या बाजूला! १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरंड लावते. आज त्यात एवढीच भर घालते, की ती मनावरचा भारही त्याच उतरंडीने वाटते. सर्वात जड भार सर्वात खालच्या पायरीवर.

'बर्न-आउट' हा शब्द कंपन्यांतल्या लोकांचा आहे, असे पुष्कळांना वाटते. उलट आहे. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी तो मांडला, तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ध्येयाने काम करणाऱ्यांची अवस्था बघून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद कामाशी जोडलेली अवस्था अशी केली. खुणा तीन : पार गळून जाणे, कामाबद्दल मन कोरडे होणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. पंचनाम्याचा हिशेब करणारी मी त्यातल्या दुसऱ्या खुणेत बसत होते. याच संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की उपाय फक्त कर्मचाऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवून होत नाही, कामाची रचना आणि बोजा बदलावा लागतो.

हे अशक्य नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून 'आधी घर' या तत्त्वाने बेघरांना घरे देण्याचे काम सुरू झाले. त्यातल्या पथकपद्धतीत एक माणूस एकाच कार्यकर्त्याच्या गळ्यात मारलेला नसतो. तो अख्ख्या पथकाचा असतो, आणि पथक नियमित एकत्र बसून प्रत्येकाबद्दल बोलते. आपल्याकडे 'द बॅन्यन' संस्थेचा 'होम अगेन' हा उपक्रम २०१५ पासून तामिळनाडूत सुरू झाला, पुढे आपल्या रत्नागिरीपर्यंत आला. चार-पाच जणांचे साधे भाड्याचे घर आणि सोबत राहणारी मदतनीस. अशी घरे वाढली पाहिजेत, यासाठी आपण भांडले पाहिजे. पण प्रत्येक घरासोबत हाही प्रश्न विचारला पाहिजे : त्या मदतनीस बाईची सुट्टी कोणत्या दिवशी असते?

आणि धम्म काय सांगतो? आजारी भिक्खूची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. अतिसाराने लोळणाऱ्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले. आपण एवढ्यावर थांबतो आणि सेवेवर भाषण देतो. नीट बघा. एक, भगवंतांनीही ते काम एकट्याने केले नाही, दोघांनी केले. दोन, त्यानंतर त्यांनी एखाद्या दयाळू भिक्खूला शोधून त्याच्यावर भार टाकला नाही. संघाला गोळा करून नियम घातला, की आजाऱ्याची काळजी कुणी घ्यायची, आणि कुणीच नसेल तर ती संघाची जबाबदारी. विनयातल्या महावग्गात पुढे हेही आहे की काही रुग्णांची सेवा अवघड असते, आणि सेवा करणाऱ्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. पण त्याच प्रकरणात असेही आहे, की आजारी भिक्खू वारला तर त्याचे चीवर आणि पात्र त्याची सेवा करणाऱ्यांना द्यावे. म्हणजे मैत्रीही हवी आणि सेवेकऱ्याचा वाटाही हवा. अडीच हजार वर्षांपूर्वी जे संघाला कळले, ते आपल्या संस्थांना आज का कळू नये?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. रात्री एकटा माणूस ठेवू नये. आठवड्याची सुट्टी कागदावर नको, बदली माणसासह हवी. किमान वेतन आणि भरपगारी आजारपणाची रजा हवी. धुण्या-पुसण्याची पाळी समन्वयकापासून संचालकापर्यंत सगळ्यांनी करावी. राहणारा माणूस वारला, तर सोबतच्या कर्मचाऱ्यांना दुःखाची रजा मिळावी. आणि पंधरा दिवसांतून एकदा अशी बैठक व्हावी, जिथे अहवाल नसेल, फक्त बोलणे असेल, आणि ती बाहेरच्या जाणत्या माणसाने घ्यावी. यातली एकही मागणी परदेशी नाही. ज्या संस्थांच्या मंडळावर आपली माणसे आहेत, तिथे तरी हे उद्यापासून होऊ शकते. फुले-शाहू-आंबेडकरांचा फोटो लावलेल्या कार्यालयात मावशीला सुट्टी नसेल, तर तो फोटो कशासाठी?

मी आता कशी आहे? जिल्हा रुग्णालयात दाखवले, औषध चालू आहे. सुरुवातीच्या वाईट रात्री १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलले. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. तुमच्यातल्या कुणाला गरज पडली तर लाजू नका. माय सुरुवातीला म्हणायची, "काय झालं गं बाय तुला, कुणाची नजर लागली का?" एके दिवशी मी तिला आजोबांची आणि मुकादमाच्या शब्दांची गोष्ट सांगितली. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुकादम बी कुणाचा तरी उचल घेतलेलाच व्हता, माय. त्याच्यावर बी कुणी तरी वरडत आसंल." एम.ए.च्या दोन वर्षांत मला कुणी एवढे समाजशास्त्र शिकवले नव्हते. मुकादमाला तिने माफ केले नाही, मलाही मोकळे सोडले नाही. फक्त तो आवाज कुठून उतरत येतो, हे दाखवले.

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. आजोबा आता खाटेवर झोपतात. गाठोडे अजून पायालाच आहे. संस्थेने रात्रीला दुसरी बाई दिली का, म्हणून मी विचारले. मावशी म्हणाल्या, "नाही अजून."

तर त्या बारावीतल्या मुलीला माझे उत्तर असे. बाळ, मी काम सोडले कारण मी एकटी होते आणि एकटी असणे हा माझा दोष नव्हता. तू या कामात जरूर ये. प्रेम घेऊन ये. पण नेमणूकपत्र हातात घेताना आधी विचार, "रात्रपाळीला माझ्यासोबत दुसरं कोण आहे?" उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नकोस. येत्या रविवारी विहारात मी हेच बोलणार आहे, आणि मावशीसाठी दुसरी बाई द्या म्हणून संस्थेला पाठवायच्या अर्जावर सह्या घेणार आहे. तुझी पहिली घेईन.

नमो बुद्धाय. जय भीम.